पेटीचा फोन

हॅलो?

कोण? दादासो व्हय? बोल की बाबा. आत्या जिती हाय का मेली, हे बगायला पाच दिवसांनी टाइम मिळाला म्हणायचा पोलीससाहेबाला.

न्हाय रं, रागवायचं काय त्यात? सख्ख्या भावाचा ल्योक तू. तुला वर्दी मिळाली तवा आख्ख्या कन्हेरीत पेढं मीच वाटलं. पण लवकर बोल. मला एक फोन यायचाय.

हाय एक. आल्यावर सांगते.

जेवले का? जेवले की. प्राचीबी जेवली. नवऱ्याला भरदिवसा उचलून नेल्यावर बायकूला लई भूक लागती.

बरं… उचलला म्हणू नको? मग 'चौकशीला नेला' म्हणू? … त्येबी नको? अरं, म्हंजी नेलाच न्हाय व्हय! साध्या कपड्यातली चार माणसं, बिननंबरची पांढरी गाडी. माझा ज्ञानेश भिमाच्या हिरीवर मोटरीची पेटी बसवत हुता, त्याला पेटीसकट गाडीत घातला. भिमा समोर उभा हुता.

व्हय, भिमाला ऐकायला कमी येतं. डोळं धड हायती त्याचं.

ठाण्यात गेले की. एका ठाण्यात म्हणाले, असा कुणी हितं न्हाय. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, असा कुणी हितं न्हाय. सहा फुटाचं पोरगं, आन् एवढ्या मोठ्या सरकारला कुठं ठिवलंय तेच आठवंना.

काय?… हळू बोल की, मला न्हाय, तुलाच कुणी ऐकंल… अतिरेकी? ज्ञानेश? अरं, मिरचीवर फवारा मारताना शिंकून शिंकून रडतं ते पोर.

अकरा सिम. व्हय, त्याच्याच नावावर अकरा सिम. अरं, मोटरीच्या पेट्या बसवतो ना त्यो? घरनं फोन लावायचा, रानातली मोटर चालू. पेटीत सिम लागतंच. कन्हेरीपासनं इंदापूरपर्यंतची म्हातारी माणसं म्हणायची, 'आधार कार्ड घिऊन आमी कुठं हिंडू, तुझ्याच नावावर घे.' घेतलं येड्यानं. उपकार करायची लई खोड.

आं? पहाटं चारला अकराच्या अकरा नंबरांवर आठ-आठ सेकंदाचं फोन? मग! चारला रानात लाईट येती, दादासो. त्यातली एक मोटर तुझ्या बापाची हाय. म्हंजी माझा भाऊबी टोळीत! त्याला कवा नेताय? सांग, डबा करून ठिवते.

आन् ती पोती?… तेरा-शून्य-पंचेचाळीस. पेरूला ठिबकमधनं सोडायचं खत हाय ते. … बॉम्बला लागतं? अरं, दिवाळीत तूच उतरवलीस की ती पोती! 'आत्या, लई जड हायती' म्हणलास, आन् च्या पीत बसलास. तवा देश वाचवायचं सुचलं न्हाय तुला?

थट्टा कुठं करतीय? सोमवारी रडले. मंगळवारी रडले. आता डोळ्यात काय उरलं न्हाय, जीभ तेवढी उरलीय.

हां… हां… कसली सही? … कागद तू घिऊन येतोस? काय लिवलंय त्यात? … 'मुलगा घरी भांडून निघून गेला, कुठं गेला ठाऊक न्हाय.' वा! … 'मग साहेब बगतील.' काय बगतील?

आन् उद्या त्यो सापडलाच न्हाय तर? … मीच लिवून द्यायचं पोरगं पळालं म्हणून, आन् मग तुमी त्याचं काय बी करायला मोकळं. लिवता येतं मला, दादासो. पण हे लिवायचं न्हाय.

वकील? केलीय. प्रगती वकील, बारामतीच्या. उद्या मुंबईला, हायकोर्टात. 'माणूस कोर्टापुढं आणा' असा अर्ज. चोवीस तासात न्यायाधीशापुढं उभा करायचा, घरच्यांना कळवायचं, असं कायद्यात हाय म्हणं. ट्रेनिंगला तेवढंच पान फाटलेलं हुतं का रं?

अतिरेक्याला येगळं? मी इचारलं बाईंना. चोवीस तास त्यालाबी. 'सरकार म्हणतं म्हणून कुणी अतिरेकी हुत न्हाय' म्हणल्या.

पुरावा? हाय की.

अंहं. भिमा न्हाय. दुसराच साक्षीदार हाय. नोकरी जायची भीती न्हाय त्याला.

सांगते. आज सव्वादहाला माझा फोन वाजला. नाव आलं, 'भिमाची मोटर'.

मोटर कशी फोन लावती, म्हणतोस?

ज्ञानेशची रीत ठाऊक हाय ना तुला? नव्या पेटीत पैला नंबर माझा घालतो. पेटीला लाईट दिली की ती आपसूक फोन लावती. मी उचलायचा, आन् त्याच्या फोनवर सांगायचं, 'लागली रं.' मग माझा नंबर काढून मालकाचा घालायचा. भिमाचा घालायच्या आत तुमी उचलला त्याला… बरं बरं, तुमी न्हाय. भुतांनी.

पेटीतली बाई बोलली की. 'थ्री फेज लाईट नाही. मोटर चालू होणार नाही.' प्राची पळत गेली हिरीवर. तितं पेटी कुठली? नुसतं खिळं. मग पेटी कुठं असंल? जितं एकच फेज हाय तितं. खोलीत. हापिसात. पंखा फिरतो असल्या लाईटीवर.

कुणीबी लावली असंल? … न्हाय दादासो. वायरी सुट्ट्या हुत्या, जोडायच्या ऱ्हायल्या हुत्या. आन् साडेदहाला परत फोन आला. ज्ञानेश एकदा लावतो, बंद करतो, परत लावतो. आन् तासाभरानं तिसऱ्यांदा. त्यो तिसराच यायचाय आता. तीनदा वाजल्याबिगर पेटी हातावेगळी करायची न्हाय, अशी खोड हाय त्याला. तुमचा कुठला साहेब एवढी मेहनत घील? 'करून दाखव' म्हणालं असतील, ह्यो बसला असंल करून दाखवत.

बोटं चालत्यात त्याची, दादासो. जिता हाय माझा ल्योक. जेवले का म्हणून इचारलंस ना? पाच दिवसांत आज पैल्यांदा अर्धी भाकरी खाल्ली मी.

घरच्यांना कळवायचं, असं कायद्यात हाय. तुमच्या आख्ख्या खात्यात त्या पेटीनंच तेवढा कायदा पाळला.

काय? … काय म्हणलास? … पेटी बंद करायला सांगतो? सांग की. खुशाल सांग. नंबर, टायमिंग, फोटो, समदं प्राचीनं मघाशीच वकीलबाईंना धाडलंय. सिम कुठल्या टॉवरखाली हाय हे कंपनी सांगती म्हणं कोर्टाला. हे आमाला कुठं ठाऊक हुतं? अकरा सिमांच्या नादात तुमीच शिकवलं.

बरं, ऐक. ऐक ना रं… थट्टा बास. त्याला मारलंय का? एवढंच सांग. व्हय का न्हाय. तुझ्या बापाला सांगणार न्हाय, वकीलबाईला सांगणार न्हाय.

दादासो?

रडतोस व्हय? अरं, रडतोस कशाला? तू बगितलंस का त्याला? … कुठं?…

थांब. थांब थांब… फोन येतोय मधी. … 'भिमाची मोटर'. प्राची! अगं ये, पळ! तिसरा आला!

ठेव तू. … न्हाय, मग बोलू. ठेव म्हणते ना! तू रक्ताचा हाईस रं, पण खरं ती पेटीच बोलती…

हॅलो? हॅलो?

… व्हय बाई, ऐकलं. थ्री फेज न्हाय. ऐकलं मी…

लागली रं, ज्ञानेश. तिन्ही डाव लागली.