परीक्षेचा शर्ट

—नाही हो साहेब, मी कुठे म्हणते तुमचं चुकलं? बाईंचे मार्गदर्शक तुम्ही, विद्यापीठातून एवढ्या लांबून सहा वर्षांत तीनदा आलात — पुष्कळ झालं की! पहिल्यांदा आलात, चहा घेतलात. दुसऱ्यांदा आलात, चहा घेतलात. आणि आज एकदम कागदच घेऊन आलात — बाईंनी सही केली की पीएच.डी. बंद, सुटलात तुम्ही. बसा ना, बाई वॉर्डात आहेत, येतीलच. सही कुठे पळून जात नाही. मी? मी इथली मावशी. झाडते, पुसते, पेशंटला धरून आणते. चौथी शिकलेय, पण वीस वर्षं या खोलीत काढलीत, तेव्हा बोला बिनधास्त — मोठे शब्द सांडले तर मी आवरून घेईन, तेच काम आहे माझं.

आता खरं सांगू? मला आधी हसूच यायचं. बाई काय नवशिक्या नाहीत, पंधरा वर्षं झाली — लकवा मारलेल्या हाताला पुन्हा चमचा धरायला शिकवतात, केस विंचरायला, दार उघडायला. आणि म्हणे आता डॉक्टर व्हायचंय! म्हटलं, औषध देणार? नाही. सुई टोचणार? नाही. मग मिळणार काय? तर म्हणाल्या, नावाआधी एक अक्षर आणि एक टिंब. घ्या! त्या टिंबासाठी दिवसभर पेशंट, जेवणाच्या सुट्टीत कागद, रविवारी कागद, पोरीच्या शाळेत सभा असली तरी पिशवीत कागद. आणि वरचे मोठे डॉक्टर जाता-येता विचारणार, ‘काय बटणवाल्या बाई, कुठवर आलं?’ बटणवाल्या! स्वतःच्या आईचा हात गेला तेव्हा मात्र सकाळी आठला इथे दाराशी उभे — बाई जरा बघता का, बाई जरा वेळ काढता का.

टिंबाचं सोडा, ते आपलं थट्टेचं. बाईंचं म्हणणं असं की, हात सुधारायचा तर त्याला त्याचं रोजचं काम द्या. घरकाम करणारीला पीठ मळू द्या, माळ्याला माती भरू द्या, चुकू द्या, सांडू द्या, मध्ये पडू नका. म्हणून पेशंटचे दोन गट केले — एकाला नुसत्या पाटीच्या भोकांत बसवायच्या खुंट्या आणि गोट्या, दुसऱ्याला खरी कामं. पहिल्या दिवशी परीक्षा, सहा आठवड्यांनी पुन्हा तीच परीक्षा — तो बघा, तो निळा शर्ट, खुंटीवरचा. पाच बटणं लावायची, बाई वेळ मोजणार. कोणाला किती सेकंद लागले, लिहायचं. आणि शेवटी काय निघालं? दोन्ही गट सारखे! खुंट्यावालेही सुधारले, कामवालेही सुधारले, तेवढेच. तुम्हीच लिहिलंत ना पत्रात, फरक नाही म्हणून? एवढंच लिहिलंत, सही ठोकलीत. बाई त्या दिवशी साबणाच्या कपाटात तोंड घालून उभ्या होत्या, मला वाटलं काही शोधताहेत — शोधत कुठल्या, रडत होत्या.

नाही, मलाही वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. का म्हणजे? आमच्या घरात होता ना असाच एक उजवा हात गेलेला — माझा नवरा. सहा वर्षं मीच त्याची बटणं लावली, मीच भरवलं, त्याला काही करूच दिलं नाही — वाटी धरायला गेला की मी ओढून घ्यायची, सांडतोस म्हणून. गेला तेव्हाही हात तसाच. त्यामुळे फरक नाही निघाला तेव्हा म्हटलं, चला, करू दिलं असतं तरी — जाऊ दे. तुम्हाला काय करायचंय त्याचं? लिहून नका घेऊ.

तर काय सांगत होते — पेशंट. माणसंच आहेत हो ती. एक घड्याळजी होते, आयुष्यभर केसाएवढे स्क्रू फिरवलेले, आणि पहिल्या परीक्षेत एक बटण लागेना. सून समोर उभी. असे रडले म्हणून सांगू, पुढच्या खेपेला येईचनात, मी घरी जाऊन ओढून आणलं. मग मी काय केलं — आता तुमच्यापासून काय लपवायचं, बंदच होतंय सगळं — शर्ट धुवायला मीच नेते ना, तर सगळ्यांची पहिली परीक्षा आटपली तेव्हा ब्लेडनं काजं थोडी मोठी केली आणि कड परत शिवून टाकली. अशी की डोळे मिटून बटण आत जावं! बाईंना पत्ता नाही. आणि मी भेदभाव नाही केला हं, दोन्ही गटांना तोच शर्ट! सगळे फटाफट पास. घड्याळजी तर टाळ्या वाजवत—

काय झालं? उठलात का? ओढू नका तो, शिवण उसवेल. हो, पाचही. हो, पहिल्या परीक्षेनंतरच, सांगितलं ना. मग त्यात काय एवढं, सगळ्यांनाच सोपं झालं, खुंट्यावाल्यांनाही, काम—

थांबा.

सगळ्यांनाच सोपं. म्हणजे तुम्ही म्हणता, हात कोणाचा किती सुधारला ते त्या काजांत दिसलंच नाही. म्हणजे फरक असेलही. बाईंचं बरोबरही असेल. करू दिलं तर हात —

पुन्हा मोजायचं? घट्ट काजांवर, नव्या पेशंटांवर, पहिल्यापासून? आणखी किती वर्षं? नको, सांगू नका.

अहो, माझ्याकडे असं काय बघता? रडत नाहीये मी. तो शर्ट ठेवा खाली. तो कागद घाला पिशवीत, आज कुणी सही करणार नाही. बाईंची पावलं आहेत ती — तुम्ही काही बोलायचं नाही, मी सांगणार, माझ्या तोंडानं. तुम्ही बाहेर थांबा. हो, बाहेर. आणि दार ओढून घ्या.