मंगळवारचं पाणी

लेखणी हाती धरण्याचा माझा काही अधिकार नाही. उतारवयात हे धाडस केले, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पुढील बोलणे सुमनबाईंचे आहे. मी ते केवळ ऐकून उतरवले.

माझं माहेर शिरूरकडं, सासर हितं दौंडला, सातवी झाल्याबरुबर लगीन लावून दिलं, तवापासनं ह्याच गल्लीत हाय. चिकनगुन्याची साथ आली तवा घराघरात माणसं वाकडी झाली, कुणाला उठता येईना, कुणाला बसता येईना, आन् दवाखान्यातल्या सिस्टर म्हणल्या, सुमनबाई, आमचं कुणी ऐकत न्हाई, तुम्ही गल्लीतल्याच, तुम्ही सांगा, मंगळवारी समद्यांनी पाण्याची भांडी रिकामी करायची, घासायची, दिवसभर कोरडी ठेवायची, म्हंजी डासाच्या आळ्या मरत्यात. मी म्हणलं, बरं.

काय सांगू तुम्हाला, घसा बसला माझा सांगून सांगून. शेजारच्या वत्सलावैनी म्हणायच्या, नळाला पाणी पाचव्या दिवशी, आन् ही बया म्हणती वतून द्या. पर मंगळवारी बघायला जावं तर दहाच्या दहा घरात रांजण कोरडा, टिपाड पालथं. मी आपली वहीत खुणा करतीय, सिस्टर शाबास म्हणत्यात, आन् ताप काय हटंना.

एका मंगळवारी वही घरीच राह्यली म्हणून माघारी आले, तर माझ्याच मागल्या दारी बायकांची रांग, डोक्यावर हंडे, आन् आमच्या आत्याबाई, माझ्या सासूबाई हो, उभ्या राहून सांगत्यात, हळू वता गं, सांडू नका. सकाळी मीच घासून ठेवलेली दोन टिपाडं, त्यात निम्म्या गल्लीचं पाणी, आन् आळ्या वळवळत्यात. दुपारनं मी कामावर गेले की आपापलं पाणी माघारी न्यायच्या. माझं घर कोण तपासणार, तपासणारी मीच. माझं एक वाक्य महिनाभर कुणाच्या कानात शिरलं न्हाई, आन् मी घरातनं निघाले ह्यो निरोप माझ्याआधी दहा घरं पुढं. रांगेत वत्सलावैनीबी हुत्या, मी म्हणलं, वैनी, लाज वाटत न्हाई व्हय? तर म्हणत्या, तुम्हाला रिकामा रांजण बघायचा हुता, बघितला का न्हाई?

त्याच आठवड्यात आत्याबाई तापानं पडल्या. ताप गेला, गुडघे धरले ते धरलेच. अजून रोज सकाळी दोन्ही काखंत हात घालून उठवते त्यांना, आन् त्या उठता उठता विचारत्यात, पाणी भरलं का गं. राग धरू तरी कुणावर. तुमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येत असतं, तर तुम्ही तुमच्या हातानं भरलेला रांजण वतून दिला असता का?