पेनाएवढी बॅटरी

आमचा तांडा सिद्धेश्वरच्या धरणाच्या वरल्या अंगाला, औंढ्याकडून येताना पाणी दिसाया लागलं की माळावर जी पत्र्याची घरं दिसतात ना, तीच आमची. आज्याचा आजा बैलावर मीठ लादून मुलुख हिंडायचा म्हणे, मंग रेल्वे आली, बैलाचा धंदा गेला, आन् आमी माळ फोडून शेती कराया लागलो. माझा बा चार एकरवाला. माझी याडी, आमच्यात आईला याडी म्हणतात, ती भरतकामात आन् हळद शिजवण्यात सगळ्या पट्ट्यात नावाजलेली. आन् मी कमळा, तांड्यातली पहिली धाव्वी पास पोरगी. काय सांगू ताई तुम्हाला, निकाल लागला तव्हा बानं घरोघर गूळ वाटला आन् शेजारची काकी म्हणली, कमळे, आता इतक्या शिकलेलीला नवरा कोण देईल गं. दिला बगा, नवरा बी मिळाला आन् नोकरी बी. सासर वढ्यापलीकडच्याच तांड्यात, म्हणून माहेर कधी सुटलंच न्हाई.

नोकरी अशी, की घरोघर जायचं आन् माणसाच्या अंगावर चट्टा हाय का बगायचं. रगतपिती म्हणा, महारोग म्हणा, तुमी शिकलेले लोक कुष्ठरोग म्हणता. नव्वदच्या पुढची गोष्ट, तव्हा गोळ्याची पाकिटं आलती, रोग बराबर बरा व्हायचा, पण आधी घावला पाहिजे ना. बाप्यांना आमचे साहेब लोक अंगणात उन्हात उभं करून बगायचे, बायांसाठी मी. ट्रेनिंगमधी घोकून घोकून सांगितलं व्हतं, चट्टा फिका असतो, खाजत न्हाई, दुखत न्हाई, कापूस फिरवला तर कळत न्हाई. आन् हात बधिर झाला की चटका बसलेला कळत न्हाई. हे शेवटचं म्या वहीत लाल पेनानं लिहून खाली दोन रेघा मारल्या व्हत्या. दोन रेघा, ताई. कोणाला सांगायची सोय न्हाई.

आता बायांना काय उन्हात पाठ उघडी कराया लावायची? घरात न्यायचं, दार लोटायचं. घराला खिडकी न्हाई, दुपारी बाराला बी आत अंधार. म्हणून हापिसातून मला बॅटरी दिली, तीन सेलाची, हा एवढा दंडुका. मी दिसले की म्हाताऱ्या म्हणायच्या, आली बगा वाघ माराया. आन् उजेड कसा, पिवळाधम्मक, मधी एक काळा ठिपका आन् भवती कडं. त्या उजेडात सगळ्यांचं अंग हळद लावल्यावाणी दिसायचं, नवरी काय आन् सासू काय. फिका चट्टा त्यात विरघळून जायचा. तरी मी तसंच बगत राहिले, दहा वर्षं, काहून की हापिसानं दिलेली वस्तू वाईट कशी असंल असं मला वाटायचं. अक्कल गहाण, दुसरं काय.

मंग हिंगोली नवीन जिल्हा झालता, त्याच्या नंतर एक डॉक्टर मॅडम आमचं काम पाह्याला आल्या. एका तांड्यात माझ्यासंगं आत बसल्या, एका बाईची पाठ पाहिली, पाय पाहिले, आन् तिच्या दंडाकडं बोट करून मला इचारलं, कमळाबाई, ह्याच्या खाली कसं बघता हो तुम्ही? आमच्या बाया कोपराच्या वर दंडभर पांढऱ्या बांगड्या घालतात, चुडो म्हणतात त्याला, लगनात चढतो आन् नवरा मेला तरच उतरतो. मधी काढला तर जित्या नवऱ्याला मारल्यावाणी. मी म्हणलं, बघते की मॅडम, बराबर बघते. साफ खोटं! एकदा बी पाहिलं न्हवतं. मी स्वतः लमाणाची पोरगी, नोकरीपायी साडी नेसाया लागले, शिकलेली म्हणून चुडो कधी चढवलाच न्हाई, आन् दुसरीच्या दंडात चुडो असतो हे बी मला दिसायचं बंद झालं काय?

दुसऱ्या दिशी, बांगड्यांच्या फटीत घुसंल अशी बारकी बॅटरी घ्याया हिंगोली गाठली. बसस्टँडाजवळ एका चाचाचं दुकान व्हतं, बॅटऱ्या, घड्याळं, कुलपं असलं. चाचा म्हणला, बाई, चोर पकडना है क्या. म्हणलं चाचा, चोरच पकडायचाय, पण लई बारका हाय. त्यानं एक एक काढून मांडली. एक रबराची, लांब झोत टाकणारी, तांड्याच्या या टोकाहून त्या टोकाला, मला काय करायची, जवळून धरली तर डोळे दिपून कातडी पांढरीफटक दिसायची. एक किल्लीला अडकवायची, तिच्यापेक्षा काजवा बरा. एकीचं बटण इतकं हलकं की पर्समधी आपोआप दाबलं जायचं, म्हंजे वेळेला सेल खल्लास. मी दुकानातच पदर बाजूला केला, बाही वर केली आन् दंडावरच्या देवी टोचल्याच्या वणावर एकेक बॅटरी आडवी धरून पाहाया लागले. समोरून धरली तर वण गायब, बाजूनं धरली की त्याची कड न् कड उभी राहायची. गिऱ्हाईकं बगून राहिली, ही बाई येडी का खुळी. चाचा म्हणला, बाई, लोग देखते बत्ती कितनी दूर जाती, तुम देखती कितना नजदीक दिखता. मी म्हणलं, माझं काम जवळचंच हाय चाचा.

शेवटी एक घावली. पेनाएवढी, एकच बारका सेल, उजेड पांढरा सपाट, मधी ठिपका न्हाई, कडं न्हाई, बटण मागं आन् चांगलं घट्ट. दातात धरली तर दोन्ही हात मोकळे. म्या तिथंच दातात धरून दाखवली तर चाचानं कपाळाला हात लावला. इतकी खूश झाले ताई, की सासरी न जाता पहिली माहेरीच गेले, नवी बॅटरी याडीला दाखवाया.

दुपार व्हती, बा दोरी वळत बसला व्हता, याडी आत चुलीपाशी. मी म्हणलं, याडी, हात कर इकडं, बोहनी तुझ्यावर करते. ती हसली, म्हणली माझ्या दंडात काय सोनं दडवलंय का. म्या चुडोच्या दोन बांगड्या बोटानं वर रेटल्या आन् त्या फटीत बॅटरी आडवी घातली. बांगडीखालची कातडी गोरीच असती, नीट पट्टे पट्टे दिसतात, ते दिसले. आन् एका जागी पट्ट्याची रेघ सोडून गोरेपणा भाईर आलता. बांगडीचा वण बांगडीएवढाच असतो ना ताई, तो भाईर कसा येईल? पर्समधला कापूस काढला, म्हणलं याडी, डोळे मीट, लागलं की हां म्हण, आन् बॅटरी दातात धरली. मनगटाला लावला, हां. खांद्याला लावला, हां. तिथं लावला, गप. पुन्हा लावला, गप. पुन्हा. तर म्हणती कशी, अगं सुरू कर की, कव्हाची डोळे मिटून बसलेय.

बॅटरी तोंडातून खाली पडली बगा माझ्या.

आन् भाईरून बा म्हणतोय, काय तपासती तिला, लोखंडाचा हात हाय तिचा. तव्हा मला ते लाल पेनाचं वाक्य आठवलं. ताई, हळद शिजवायचा टाइम आला की कुरुंद्याच्या अंगाचे लोक बी याडीला बोलवून न्यायचे. बाकीचे काडी टोचून बगायचे हळद शिजली का, आन् ही उकळत्या कढईतून वर आलेलं हळकुंड हातानं उचलायची, दाबायची, म्हणायची अजून थोडा जाळ लावा. लोक त्वांडात बोट घालायचे. ती पहिल्यापासून चपळ, चटका बसायच्या आत हात मागं. पण मागल्या दोन सुगीत ती हळकुंड हातात धरून निवांत गप्पा मारायची, आन् मी, मी पगारी बाई, दोन रेघा मारणारी, मी चारचौघांत सांगायचे, माझ्या याडीला चटकाच बसत न्हाई! करंगळीला फोड आलते तिच्या. मी मलम लावला आन् म्हणलं जपत जा.

आन् आणखीन ऐका. माझ्या रजिस्टरात याडीच्या नावापुढं दर फेरीला तपासलं म्हणून खूण हाय, माझ्या हातची. एकदा बी तपासली न्हवती. घरचीच हाय, तिला काय बगायचं, असं करून खूण मारून पुढं. परक्या बायांच्या पाठी बगत हिंडले आन् जिच्या पाठीवर बसून मोठी झाले तिला सोडून दिली. अजून सांगताना हात गार पडतात, हे बगा, धरून बगा.

कोपरामागची नस चाचपली तर दोरीवाणी जाड. म्हणलं उद्या दवाखान्यात, सगळा दंड बगावा लागंल, चुडो काढावा लागंल. याडी म्हणली, मेले तरी काढणार न्हाई, तुझा बा समोर जिता बसलाय आन् मी चुडो काढू? दारात बाया गोळा झालत्या, एकीनं अपशकुन म्हणून बोटं मोडली. तव्हा बा उठला. कधी आवाज न चढवणारा माणूस. त्याल आन् साबण घेऊन याडीसमोर बसला, म्हणला, नवरा मेल्यावर दुसऱ्यांनी काढायचा असतो ना, मंग मी जिता हाय तवर मीच काढतो, माझा शकुन माझा मी बगतो. आन् एक एक बांगडी त्यानं साबण लावून हळू हळू उतरवली. याडी आवाज न करता रडत व्हती. म्या जन्मात पहिल्यांदा तिचा उघडा दंड पाहिला, कोवळा, लहान लेकरावाणी, आन् त्याच्यावर तळहाताएवढा चट्टा.

सहा महिने पाकिटं चालली, नसंच्या गोळ्या येगळ्या. डॉक्टर म्हणले, रोग जाईल, करंगळी वाकडी राहील, बधिरपणा किती जाईल ते सांगता येत न्हाई, लवकर आला असता तर. लवकर आला असता तर! ते काय मला सांगायचं व्हतं? गोळ्या संपल्या तव्हा बानंच पुन्हा चुडो चढवला, जरा सैल. सुई मातर याडीला धरता येईना, कपडा हातात घेऊन नुसती बसायची.

आन् मंग एक दिस, सकाळची गोष्ट, मी माहेरी आलते, अंगणात भांडी घासून राहिले व्हते. आतून याडी किंचाळली. मी तशीच राखेच्या हातानं पळाले. तर ती तव्यापुढं बसली व्हती, करंगळी डोळ्यापुढं धरून, तोंड उघडं. म्हणली, कमळे, चटका बसला गं. बा दारात उभा, त्यानं इचारलं, खरंच बसला? ती म्हणली, लई बसला. आन् आमी तिघं जणं, काय सांगू, येड्यावाणी रडलो बी आन् हसलो बी, तव्यावरची भाकर जळून कोळसा झाली.

समदी बरी न्हाई झाली, खोटं कशाला बोलू. करंगळी वाकडीच हाय, टाका पहिल्यावाणी बारीक येत न्हाई. पण करते. मी नोकरीत हाय अजून, ही तिसरी बॅटरी, तसलीच पेनाएवढी, चाचा माझ्यासाठी ठेवून देतो. दर फेरीला पहिलं घर माहेर, पहिला दंड याडीचा, आन् बघितल्याबिगर खूण मारत न्हाई. चुडोखाली आणखी चौघी जणी घावल्या मला, येळेवर घावल्या. त्या जुन्या खोट्या खुणा मातर रजिस्टरात तशाच हायत, त्या काही खोडता येत न्हाईत.

तुमी इतका वेळ लिहून राहिलात, आता उठा, उजेडात या, बाही वर करा. लाजू नका, मी कोणाला सोडत न्हाई. आन् ही बगा याडी चहा घेऊन आली. ती आता पाया पडणाऱ्याला एकच आशीर्वाद देती, लेकरा, तुझ्या हाताला चटका कळू दे. नवीन माणूस दचकतंच. घ्या ताई, पण जपून धरा, कप लई गरम हाय.