धरायचं, पण मारायचं नाही!

हसा, हसा! तुमचं काय जातंय? गाल माझा सुजलाय! आणि चोरानं सुजवला असता तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं... तुम्हाला सांगतो, आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काका, वॉचमन म्हणजे पोलीस नव्हे! गुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलात तरच माणूस धरायचा, आणि लगेच पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. धरायचं, पण मारायचं नाही! ओरखडा उठला, की तुमची नोकरी गेली!"

आता काल दुपारी, मी पहारा देतो त्या भांड्यांच्या दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत, एका हडकुळ्या गड्यानं फळीवरचा कुकर उचलून शर्टात घातला! हातपाय काडीसारखे, पोट हे एवढं, आणि बटणांमधून कुकरची मूठ बाहेर! धरलं मनगट. म्हणाला, "काका, चुकलं." म्हटलं, "बस त्या स्टुलावर, पोलीस येतायत." बसला की हो शहाण्यासारखा!

पण गिऱ्हाईकं? एका वाटीसाठी तासभर घासाघीस करणारी माणसं, एकदम शूर झाली! "काका, सरका, हात साफ करू द्या!" मी दोन्ही हात पसरून आडवा, बोंबलतोय, "अहो, धरायचं, पण मारायचं नाही!" ऐकतंय कोण? मालकांचे मेहुणे झारा घेऊन धावले, झारा! उगारला चोरावर, बसला माझ्या गालावर... मागून कुणाची तरी चप्पल, तीही मलाच! टोपी गेली, बिल्ला गेला, आणि चोर माझ्या पाठीमागून विचारतोय, "काका, लागलं का हो?" लागलं का म्हणे!

तेवढ्यात हवालदार आले. सगळ्यांची तोंडं न्याहाळली, आणि कॉलर कुणाची धरली? माझी! "अहो साहेब, मी वॉचमन!" "गप्प! मग मार कुणी खाल्लाय?" मेहुणे झारा पाठीशी लपवून छताकडे बघतायत. दार सताड उघडं. चोर निसटला असता, तर माझी नोकरी गेलीच होती... पण हा पठ्ठ्या उठला, कुकर काढून काउंटरवर ठेवला, म्हणाला, "साहेब, चोर मी. काकांनी मला धरलं, पण मारलं नाही."

रडूच आलं हो मला! अख्ख्या दुकानात नियम कळला तो एका चोराला! गाडीत मात्र दोघांनाही बसवलं. तो चोर, मी साक्षीदार. मला गरगरायला लागलं, तर हवालदार त्यालाच म्हणाले, "ए, काकांना धर जरा, पडतील!"

काय करणार? म्हटलं, "धर बाबा... पण मारू नकोस!"