नवरदेव नेमका कोणत्या गाडीत होता याबद्दल

नाव सुकदेव कौतिक पाटील, वय वर्षे चोवीस, धंदा जिनिंग फॅक्टरीत कारकुनी, राहणार धुळे, सध्या या ठाण्याच्या बाकड्यावर. तारीख १३ मे १९५६.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, आज गोरज मुहूर्तावर नशिराबाद येथे माझे लग्न आहे. वऱ्हाड ट्रकने पुढे गेले. मला नेण्यास मामा तोताराम यांनी विलायती ऑस्टिन व आत्याचे यजमान लोटनआबा यांनी अमेरिकन शेवरलेट आणली. नवरदेव आपल्याच गाडीतून जावा, असा दोघांचा हट्ट. मान मामाचा मोठा की आत्याच्या घरचा, यात सकाळ गेली. शेवटी दर गावाला मी गाडी बदलावी असे ठरले. दोघेही आपापली गाडी स्वतः हाकत होते.

ऑस्टिनमध्ये चाकामागे चकाकती लाकडी फळी, कातडी गादी व घड्याळ आहे. मात्र छत बुटके, त्यामुळे बाशिंगासकट मला ओणवे बसावे लागले. शेवरलेट ऐसपैस आहे. तिच्या गादीवर प्रत्येक वळणाला मी या दारापासून त्या दारापर्यंत घसरलो. आबा म्हणाले, विलायती गाडी म्हणजे चाके लावलेले कपाट. मामा म्हणाले, अमेरिकन गाडीला प्यायला विहीर लागते. माझे मत कोणी विचारले नाही. दोन्हींत उकडते.

पारोळ्याच्या पुढे एका फाट्यावर मी ऑस्टिनमधून उतरलो. शेवरलेटचे दार उघडण्याआधीच मामांनी गाडी पुढे काढली. ते पाहून आबांनीही दाबली. मामा समजले मी आबांकडे बसलो, आबा समजले मी उतरलोच नाही. मला रडू आले, हेही लिहून घ्यावे.

हळद लागलेल्या नवरदेवाने एकटे राहू नये व हातची कट्यार खाली ठेवू नये, असा आमच्यात रिवाज आहे. म्हणून कट्यार घेतलेल्या हातानेच मी येणाऱ्या गाड्यांना थांबवीत होतो. कोणी थांबेना. शिपाई वना यांनी मला वाटमारीच्या संशयावरून येथे आणले. कट्यारीच्या टोकाला लिंबू होते, ते त्यांनी नंतर पाहिले. त्यांचा दोष नाही.

पुढच्या गावी मी दोन्ही गाड्यांत नाही हे कळल्यावर दुपारी मामा व आबा मागे फिरून ठाण्यात आले, ते नवरदेव पळवल्याची फिर्याद एकमेकांवर द्यायला. आबा म्हणाले, "नवरदेव ते तुमनी गाडीमा व्हता ना?" मी समोर बाकड्यावरच होतो. मला पाहून दोघांनी फिर्याद सोडली. मग परत येताना कोणाची गाडी पुढे होती, यावरून जुंपली. दोघे अजून बाहेर बॉनेट उघडून उभे आहेत.

माझी कोणावर तक्रार नाही. नवरी कमल मला मनापासून पसंत आहे. तिला मांडवात ताटकळत ठेवणार नाही, मग कोणाचाही मान बुडो. भुसावळची एस.टी. नशिराबादवरूनच जाते, तिने मी निघतो. रिवाजाप्रमाणे सोबतीला वना शिपाई द्यावेत. मी गेल्यावर मामांना बाजूला घेऊन सांगावे की नवरदेव आबांच्या गाडीत आहे, आणि आबांना सांगावे की मामांच्या. म्हणजे दोघेही वेळेवर लग्नाला पोचतील.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच तो उतरला आहे. सही करताना कागदाला हळद लागली, ती मजकुरात धरू नये.

सही
सुकदेव कौतिक पाटील