परवानगी कुणी दिली?

नणंद : अगं पण वहिनी, जुना ब्राउझर तू काढून टाकलास ना? मग त्यातलं हे इथं काय करतंय?

वहिनी : काढलाच की. रडतखडत चालायचा मेला. महिनाभर हा नवाच वापरतेय. का गं, काय दिसलं?

नणंद : हा कोपऱ्यातला हिरवा डोळा. ब्राउझरला वरून जोडलेलं हे एक्स्टेन्शन तू टाकलंस?

वहिनी : मी कशाला? मला वाटलं, ब्राउझरबरोबरच आलं असेल. माझं काम ते काय, सोफ्याचा पाय मोडला, कपाटाचं दार लागत नाही, असल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना घरून उत्तरं द्यायची. बाकी कशाला हात लावत नाही मी.

नणंद : हे मुलांवर नजर ठेवायला असतं. तू कुठलं पान उघडलंस, काय टाइप केलंस, पासवर्डसकट सगळं दुसऱ्याच्या फोनवर जातं.

वहिनी : आपल्या घरात मूल कुठंय?

नणंद : तेच म्हणतेय मी.

वहिनी : थांब. त्या दुसऱ्या शहरातल्या नोकरीचं मी कुणाजवळ बोलले नव्हते. अगदी तुझ्याजवळसुद्धा. आणि जेवताना तुझा दादा म्हणतो, "मग, मुलाखतीची तयारी झाली?" मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणाला, "मनं जुळली की कळतं."

नणंद : शी!

वहिनी : दोन दिवसांनी तिकडून मेल आला, तुम्ही अर्ज मागे घेतल्याची नोंद झाली आहे. मी घेतलाच नव्हता गं! वाटलं, भलतंच बटण दाबलं गेलं असेल. स्वतःलाच वेंधळी म्हणत बसले.

नणंद : वहिनी, हे एक्स्टेन्शन जुन्या ब्राउझरच्या स्टोअरमधलं आहे. दोन्ही ब्राउझर आतून सारखेच, म्हणून इथंही चालतं. पण इथं बसून "बाहेरचं चालेल" अशी परवानगी कुणीतरी हातानं दिलेली असावी लागते.

वहिनी : कुणीतरी म्हणजे?

नणंद : दादानं मला फोन केला होता. "बारके, एका ब्राउझरचं एक्स्टेन्शन दुसऱ्यात कसं घालायचं गं? जाहिरातींनी जीव नकोसा केलाय." मी सगळं नीट समजावून सांगितलं. हुशार आहेस म्हणाला. किती खूश झाले होते मी!

(दार उघडून दादा आत येतो.)

दादा : अरे, बारकी कधी आली? आणि हे काय, एरंडेल प्यायल्यासारखे चेहरे?

नणंद : दादा, हे काय आहे?

दादा : कुठलं? ते होय! जुन्यातलं आलं असेल. घर बदलताना खोक्यातून एखादं झुरळ येतंच की.

नणंद : झुरळाला परवानगी लागत नाही. याला लागते. आणि ती कशी द्यायची, ते तू मलाच विचारलंस.

दादा : बरं, टाकलं. काळजीपोटी टाकलं. जग काय लायकीचं आहे, माहितीये ना?

वहिनी : आणि अर्ज? तोही काळजीपोटीच?

दादा : तू गेली असतीस तर या घराचं काय झालं असतं? नको जाऊस म्हटलं असतं, तर ऐकलं असतंस?

वहिनी : एकदा म्हणून तर पाहायचं होतंस.

दादा : बारके, तू तरी सांग हिला. माझी बहीण ना तू?

नणंद : आधी तो हात काढ माझ्या खांद्यावरून. किळस येतेय मला.

दादा : सख्ख्या भावाची?

नणंद : सख्खा आहेस म्हणूनच जास्त.

दादा : एवढ्याशा गोष्टीचा बाऊ! काढून टाक ते आणि मिटव विषय.

वहिनी : बारके, काढू नकोस इतक्यात. आधी मला त्या नोकरीवाल्यांना मेल लिहू दे.

नणंद : अगं, शब्दन् शब्द याच्या फोनवर जाईल.

वहिनी : जाऊ दे. आजवर चोरून वाचलं, आज माझ्यासमोर वाचू दे. "महोदय, माझा अर्ज मी मागे घेतलेला नाही. तो मागे घेतला माझ्या..." बारके, इथं काय लिहू?

दादा : हे बघ, बाहेरच्यांना घरातलं सांगायची गरज नाही.

नणंद : तुला जे वाटतं ते लिही, वहिनी.

वहिनी : "...माझ्या घरात राहणाऱ्या एका माणसानं."