शाळेला मंगळ चालतो का

तुम्ही पोह्यांना हातसुद्धा लावला नाहीत, बाई — तिखट झालेत का? संकोच करू नका, हवे तर दुसरे करायला सांगते, बिनमिरचीचे. नको? बरं, राहू द्या ताटली तिथंच, पण दोन घास तरी घ्या, कारण आमच्या चाकणात बघायला आलेलं माणूस पोहे न खाता उठलं म्हणजे — म्हणजे काय ते तुम्हाला कळतंच, तुम्हीही बाईमाणूस आहात. मुलगी बाहेर आली, ताटली दिली, वाकून नमस्कार केला, पाटावर बसली, सगळं रीतीनं झालं. नऊवारीची सवय नाही म्हणून पाय अडकला तेवढाच, एरवी चालण्यात काही खोट नाही — परत चालवून दाखवू का, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत? नको. सुई ओवून दाखवू दे? तेही नको. केस सोडून — बरं बरं, तुमची पद्धत वेगळी असेल.

नाव सांगताना ती अडखळली, ते तुमच्या ध्यानात आलं, मी बघितलं. आधी 'छ' म्हणाली नि मग 'रंभा' म्हणाली. ते तिचं तसंच आहे हो, लाजली की आधी भलतंच काहीतरी तोंडात येतं नि मग खरं येतं. काय आहे, घरात पहिल्यांदाच शाळा आली ना बघायला. म्हणजे आम्हाला मुळात ठाऊकच नव्हतं की शाळाही घरी येते म्हणून. परीक्षा झाली पुण्याला, शेकड्यांनी मुली बसल्या होत्या, त्यातून तुम्ही मोजक्या निवडल्यात, आमची निवडली गेली, मला वाटलं झालं काम. तर तुमचं पत्र आलं — अजून अर्ध्या गाळायच्या आहेत, शाळेच्या बाई मुलीची नि घराची गाठ घ्यायला येतील, आणि सोमवारी शाळा उघडेल. आता घराची गाठ कशी घेतात? ह्यांना विचारलं, तर हे कांद्याची अडत सांभाळणारे, म्हणाले आपल्याला त्यातलं कळत नाही. तेव्हा आमच्या सासूबाई — या बघा कोपऱ्यात बसल्यात त्या, कुशाबाई, त्यांना कमी ऐकू येतं — म्हणाल्या, "म्हंजी बघाया येत्यात. घर बघायचं, पोर बघायची, मंग दुसरं काय ऱ्हायलं?" आणि खरंच काय राहिलं? म्हणून मग मी शेजारणीचं जाजम आणलं, भिंत सारवली, पोहे भिजवले. पत्रिकासुद्धा काढून ठेवलीय, ही घ्या. नको कशाला, बघून तर घ्या, आम्ही लपवणारी माणसं नाही. चौथ्या घरात मंगळ आहे, ते आधीच सांगते. शाळेला मंगळ चालतो का? हसू नका हो, मला खरंच माहीत नाही. आणि तुमच्याकडे मुलीचं नाव बदलतात का? बदला खुशाल, फक्त 'र' राहिला तर बरं, हाक मारायची सवय आहे.

माझ्या भावानं, नानासाहेबानं, मात्र सांगितलं होतं की ही साधी गोष्ट नाही. तो पिंपरीला आहे, त्या नव्या औषधांच्या कारखान्यात, ऑफिसात — तिथं परदेशी पाहुणे येतात, त्यामुळे त्याला मोठ्या लोकांचं सगळं कळतं. म्हणाला, अक्का, अशा बोर्डिंगच्या शाळेत काट्या-चमच्यानं जेवतात. मग दर रविवारी कुठून तरी काटे-चमचे मागून आणायचा नि पोरींना भाकरी खायला लावायचा. भाकरी काट्यानं खाऊन बघितलीत कधी? निम्मी अंगणात जाते. आमच्या कोंबड्या नुसत्या माजल्यात. आणि म्हणाला, त्या विचारतील तेव्हा एकच उत्तर द्यायचं, मोठी होऊन मी देशसेवा करणार. बाकी काही नाही आलं तरी चालेल, देशसेवा आली पाहिजे. ते मात्र हिनं चोख पाठ केलं. तुम्ही विचारलंत, आवडता विषय कोणता — देशसेवा. भावंडं किती — देशसेवा. दूध आवडतं का — तिथंसुद्धा तिनं सोडलं नाही. एकमार्गी आहे पोर. सगळ्याच मुली हेच सांगतात म्हणता? म्हणजे नानासाहेबाला बरोबरच माहिती होती म्हणायची.

नाही, त्या भामा नदीच्या प्रश्नाचं काय झालं ते सांगते ना. तुम्ही विचारलंत, तुमची ही भामा पुढं कुणाला मिळते, नि ही माझ्याकडे बघायला लागली, मी सासूबाईंकडे, सासूबाई छपराकडे — आणि उत्तर आलं स्वयंपाकघरातून. भीमेला म्हणून. आत आमची मोलकरीण आहे. चुलीपाशी बसलीय. नदीवर धुणं धुते ना, म्हणून तिला नदी कुठं जाते ते माहीत. पण तुम्ही मग माठाचं का विचारलंत, आणि तेही दाराकडे तोंड करून? माठातलं पाणी गार का होतं. पुन्हा तिनंच सांगितलं. पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडून जातं, जाताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून नवा माठ गार नि जुना कमी गार. आता मोलकरणीला माठाचं कळणारच, माठ तीच भरते. मघापासून बघतेय, पाटावर बसलेली पोर सोडून तुम्ही आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशीच बोलताय. आणि त्या दाराशी काय तुम्ही इंग्रजी बोललात, बाई, आणि दार परत इंग्रजीत बोललं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं बया, मोलकरीन इंग्लिश कवा शिकली?" — त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, त्यांना कमी ऐकू येतं. नको तेव्हा बरोबर ऐकू येतं.

पाटावरून ऊठ, तू जा गं आत, पदर खोच आधी, अडखळशील. हो, पोहे राहू देत. जा.

काय म्हणालात? मोलकरणीचं नाव? नाव काय करायचंय तुम्हाला तिचं — नाव आहे ना. नाव असतंच. थांबा हं, आठवते. मंजुळाच — नाही, ते माझं. तिचं नाव —

नाही हो बाई. माझ्यानं नाही होणार. पोटच्या पोरीला एकदा मोलकरीण म्हटलं, दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा जीभ वळत नाही. ती रंभा आहे. आत चुलीपाशी बसलीय ती. पाटावर बसली होती ती छबू, माझ्या दिराची. तिला बिचारीला काही येत नाही, आणि तिचा काही दोषही नाही, तिला मी नवीन बांगड्या कबूल केल्यात.

रागावलात का? रागवा, पण आधी ऐकून घ्या. तुम्ही ज्या घरातून आलात तिथं असं करत नसतील, पण इकडे करतात, मी काही पहिली नाही. मोठीला वर मिळत नसेल तर पोहे घेऊन धाकटीला पाठवायचं, गोरी दाखवायची नि मोठीचं ठरवून टाकायचं. माझ्या डोळ्यांसमोर झालेत असे प्रकार. रंभाला लहानपणी देवी आल्या. जीव वाचला, चेहरा राहिला नाही. मला त्यात काही दिसत नाही, मी आई आहे, पण आलेल्या माणसांना पहिलं तेच दिसतं. चार ठिकाणची माणसं आली, बाई. चारी ठिकाणच्यांनी ताटली खाली ठेवली नि उठले, एकानंही घास घेतला नाही. आणि प्रत्येक वेळी ती आत जाऊन ते पोहे स्वतः खायची, वाया जायला नकोत म्हणून. खाताना वाचायची. तुम्ही मघाशी ताटलीला हात लावला नाहीत ना, तेव्हा मी मनात म्हटलं, गोरी दाखवूनसुद्धा?

स्थळाला मी हे कधी केलं नाही, देवाशपथ. छबूला पुढं करा म्हणून सगळे म्हणाले, मी नाही म्हटलं, कारण अंतरपाट दूर होतो तेव्हा समोर कोण उभं आहे ते दिसतंच, नि मग त्या पोरीनं जन्मभर त्या घरात कसं राहायचं. पण शाळेत अंतरपाट नसतो ना. मी असा विचार केला, एकदा तुम्ही हो म्हणालात की सोमवारी रंभाला पाठवून द्यायचं, इतक्या मुलींत कोण ओळखतंय, आणि ओळखलं तरी आलेल्या मुलीला कोण परत पाठवतंय. हे मला कुणी शिकवलं नाही. रंभाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आई, परीक्षा मी दिलीय. मी म्हटलं, परीक्षा तू दिलीस, पास व्हायचं छबूवर सोड. फुंकणी घेऊन चुलीपाशी जाऊन बसली. मला वाटलं ऐकलं तिनं. मला काय माहीत ती तिथून उत्तरं देईल.

तसं पाहिलं तर तुमच्याकडे बघूनच मला आधी धीर यायला हवा होता. म्हणजे — तो जाड चष्मा, ते पुरुषी घड्याळ, धुळीनं भरलेल्या चपला — तुम्हाला बघितल्यावर वाटलं की या शाळेत रूपाचं फारसं काही नसावं. वाईट अर्थानं नाही म्हणत, बाई. चांगल्याच अर्थानं म्हणते. मला नीट बोलता येत नाही.

आणि एवढी घाई का, विचारताय? निघोज्याचे एक आहेत. बिजवर. पहिली बायको गेली, मूल आहे, जमीन बरी आहे. नानासाहेबानंच आणलंय ते स्थळ. देशसेवा ती, नि स्थळ हे, दोन्ही त्याच्याच पिशवीतून निघालं, एक नाही जमलं तर दुसरं असावं म्हणून. तो माणूस म्हणाला, मुलगी बघायची गरज नाही, करू या. घरात सगळ्यांना किती आनंद झाला म्हणून सांगू. सासूबाईंनी साखर वाटली. पाचवं स्थळ आणि बघायची गरज नाही म्हणतं. मला मात्र झोप नाही. न बघता हो कोण म्हणतं? ज्याला भाकऱ्या थापायला कुणीतरी हवं असतं तो म्हणतो. त्याला रंभा काय नि दुसरी काय. ह्यांनी मला शब्द दिलाय — शाळेनं घेतलं तर जाऊ दे तिला, आणि नाही घेतलं तर उद्या सकाळी निघोज्याला होकार कळवायचा. उद्या सकाळी, बाई. म्हणून छबूला नेसवली. चौघांनी बघून नाही म्हटलं, एकानं न बघता हो म्हटलं, आता बघून हो म्हणणारं कुणी या पोरीला मिळायचंच नाही असं माझ्या मनानं धरलं होतं. बघून नाही म्हणणाऱ्या तुम्ही पाचव्या होऊ नयेत म्हणून तिला आत ठेवली. तुम्हाला फसवायचं नव्हतं. म्हणजे फसवायचंच होतं, पण तुमच्याविषयी मनात वाईट काही नव्हतं.

हे बघा, उठलात. तुमची शेवटची एस.टी. तर केव्हाच गेली, मघाशी भोंगा वाजला तेव्हा मी मुद्दाम पत्रिका पुढं केली. रात्री इथंच राहावं लागेल तुम्हाला. पिशवी कशाला घेताय — पिशवी नाही? मग ताटली कशाला उचललीत? ते गार झालेत, बाई, आणि बाहेरचं दार इकडे आहे. तिकडे स्वयंपाकघर आहे. तिकडे नका जाऊ, ओली लाकडं आहेत, धूर आहे, ती घामेजलेली असेल, साधी परकरावर बसलीय, निदान तोंड तरी पुसू दे तिला — उंबरा उंच आहे, वाका जरा.

सासूबाई, तुम्हाला इथून दिसतंय का आतलं? बसल्यात का त्या? चुलीपाशी, खालीच?

खाताहेत?

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या बाई पहिल्या एस.टी.नं पुण्याला गेल्या, रंभा आपली ट्रंक घेऊन त्यांच्याबरोबर गेली, आणि निघोज्याला निरोप द्यायला मंजुळाबाई स्वतः चालत गेल्या.